वन्संच्या पापण्या आणि अकरा दाढ्या

वन्संना काजळाशिवाय पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. सोळाव्या वर्षी त्यांनी डोळ्यांत पहिली रेघ ओढली, ती पुढे कधी पुसू दिली नाही. परीक्षा असो, ताप असो, दाढ ठणकत असो, काजळ असायचंच. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "हिला भूक लागली तर आधी काजळ घालेल, मग ताट घेईल."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. वय एकसष्ट, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. "वेळ झाला नाही," असं सांगतात, आणि ऐकणारा हसला तर "खरंच झाला नाही" असंही सांगतात. हे गेल्यावर त्या एक ट्रंक आणि सतरा ब्रश घेऊन माझ्याकडे राहायला आल्या, त्याला आता नऊ वर्षं झाली. मी त्यांना अजून अहो-जाहो करते आणि त्याही मला. भांडणात याचा फार उपयोग होतो. अहो-जाहो करणारी माणसं भांडून भांडून किती लांब जाणार?

गावातल्या जुन्या नाट्यगृहात त्या नटनट्यांचे चेहरे रंगवतात. सुरुवातीला त्या तिथे तिकिटांच्या खिडकीत बसायच्या. सत्ताविसाव्या वर्षी एकदा रंगवणारे गृहस्थ ऐन वेळी आजारी पडले, आणि बावीस वर्षांच्या नटाला म्हातारा कोण करणार असा प्रश्न उभा राहिला. वन्सं खिडकी बंद करून रंगपटात गेल्या आणि आमच्या सासऱ्यांचा चेहरा आठवून त्या मुलाच्या कपाळावर काढून आल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या सासऱ्यांना तो नट पाहून जरा अस्वस्थ वाटलं, का ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून रंगपटातल्या मोठ्या आरशासमोरची खुर्ची वन्संच्या ताब्यात आहे. नट त्या खुर्चीत बसतो, वन्सं मागे उभ्या. चौतीस वर्षं उभ्याच.

त्यांचे नियम ठरलेले. ब्रश कोणाला द्यायचे नाहीत. डोळे रंगवताना गप्पा नाहीत. मिशी चिकटवली की अनामिकेने दाबून धरायची आणि तीस आकडे मोजायचे. याच तीस आकड्यांत त्या नटाला घरच्या बातम्या विचारतात, कारण ओठ हलवायची बंदी असल्यामुळे तो खोटं बोलू शकत नाही, फक्त डोळे फिरवतो. आणि सगळ्यांत मोठा नियम: दुसऱ्याच्या डोळ्याला लावायचं ते आधी आपल्या पापणीला लावून बघायचं. म्हणून एक पापणी निळी आणि एक तपकिरी अशा अवतारात त्या कित्येकदा भाजी आणायला गेल्या आहेत. भाजीवाली विचारायची, "आज कुठला रंग पास झाला?"

चार फेब्रुवारी, मंगळवार. त्या सकाळी वन्सं चहाला आल्या तेव्हा दोन्ही पापण्या लाल होत्या, फुगलेल्या होत्या आणि कडेला बारीक पापुद्रे सुटले होते.

"रडलात की काय?" मी विचारलं.

"कोणासाठी रडू? सगळे बरे आहेत."

"खाजतंय?"

"खाजत नाही. नुसतं चोळावंसं वाटतंय."

काजळ नवीन होतं, म्हणून दोष काजळावर गेला. ते टाकून जुनं काढलं. शनिवारपर्यंत सूज उतरली, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा पापण्या भाजल्यासारख्या लाल. मग जुनं काजळही गेलं, मस्कारा गेला, आयशॅडोच्या डब्या गेल्या. शेजारणीने काकडीच्या चकत्या ठेवायला सांगितल्या, तिच्या जावेने बटाट्याच्या. वन्सं दोन्ही ठेवून आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आता वरून मीठ टाका आणि वाढा." कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक मलम दिलं. त्याने चार दिवस जादू केली आणि पाचव्या दिवशी जादूगार पळून गेला, पापण्या आधीपेक्षा वाईट. मी म्हटलं, दर मंगळवारीच कसं होतं? सोमवारी काय खाता? सोमवारी आमच्याकडे अंडी असतात. अंडी बंद झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. वन्संनी अंड्यांसाठी महिनाभर जो शोक केला तो काजळासाठीही केला नव्हता.

काजळाशिवाय त्या नाट्यगृहात गेल्या तेव्हा दारवानाने उभं राहून विचारलं, "आत्या, घरी सगळं ठीक ना?" तिथे त्यांना सगळे आत्याच म्हणतात. एका नटाने गंभीर होऊन हात हातात घेतला. दुसऱ्याने सुट्टी घ्या म्हणून सांगितलं. वन्सं घरी येऊन म्हणाल्या, "माझा चेहरा बिनकाजळाचा म्हणजे दुखवट्याचा दिसतो, हे मला आज एकसष्टाव्या वर्षी कळलं."

इथपर्यंत आम्ही हसत होतो. चोवीस फेब्रुवारीला, सोमवारी, नाट्यगृहाचे मॅनेजर स्वतः घरी आले तेव्हा हसू थांबलं. चहा दिला, तो त्यांनी हातात धरून गार केला. मग म्हणाले, "आत्या, राणीचं काम करणाऱ्या बाई तुमच्या खुर्चीत बसायला तयार नाहीत. त्यांना वाटतं, हे पसरतं."

सहा एप्रिलला नवीन नाटक लागणार होतं. राजदरबाराचं, मोठं, गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं असं. राणी त्यात पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत रंगमंचावर.

"मग तिला कोण रंगवणार?" वन्संनी विचारलं.

"एक बाई आहेत. दुसऱ्या नाट्यगृहात होत्या. त्या यायला तयार आहेत. पण खुर्ची एकच आहे, तुम्हाला ठाऊक आहे. दोघींची रंगपटात सोय होणार नाही." चहावरची साय ते बघत राहिले. "डोळे बरे करा आत्या. पहिल्या प्रयोगापर्यंत करा. तोवर मी त्यांना थांबवून धरतो. त्याच्यापुढे माझ्या हातात नाही."

ते गेल्यावर वन्सं बराच वेळ कप विसळत होत्या. एकच कप होता.

"मला तिथून उठवलं तर मी घरी बसून काय करू, वहिनी? तुमच्या भुवया काढत बसू?"

"माझ्या भुवया आहेत त्या बऱ्या आहेत."

"नाहीत," वन्सं म्हणाल्या. "पण तो वेगळा विषय."

गुरुवारी मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर पस्तिशीच्या होत्या, बोलायला शांत. त्यांनी भिंगातून दोन्ही पापण्या पाहिल्या, पापुद्रे पाहिले, डोळ्याच्या आत पाहिलं. मग म्हणाल्या, "हा संसर्ग नाही. तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही. ही ॲलर्जी आहे. अंगावरची सगळ्यांत पातळ कातडी पापणीची, त्यामुळे तक्रार आधी तीच करते."

"कसली ॲलर्जी?"

"तेच शोधायचंय. डोळ्यांना काय काय लावता?"

वन्संनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. काजळं तीन, मस्कारे दोन, आयलायनर, नऊ आयशॅडो, पुसायचं दूध, पापण्या वळवायचा चिमटा. डॉक्टर लिहून थकल्या. मग त्यांनी सगळंच बंद केलं. डोळ्यांना काहीही नाही. कोमट पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, टिपायचं. खाज आली तर गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल दहा मिनिटं. कोरडं पडलं तर साधं व्हॅसलीन, तेही किंचित. औषधवाल्याचं ते मलम त्यांनी दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकलं आणि म्हणाल्या, "पापणीला असलं मलम आमच्या सांगण्याशिवाय लावायचं नाही, नुकसान होतं. आणि रोज लिहून ठेवायचं. हात कशाकशाला लागले, पापण्या कशा होत्या."

"ते यांना सांगा," वन्सं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "यांनी लग्नातल्या पंगतीत कोण कुठे बसलं होतं तेसुद्धा लिहून ठेवलंय."

मी पानं आखली. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या, डोळ्यांनी पाहिलं ते एका रकान्यात, मनाला वाटलं ते दुसऱ्यात, मध्ये रेघ. तसंच केलं. रोज संध्याकाळी वन्सं पाय लांब करून बसायच्या आणि दिवसभराचं सांगायच्या, मी लिहायची. "भाजी निवडली. दोघांच्या भुवया काढल्या. रविवारी चाचे रंगवले." रविवारी दुपारी त्यांच्याकडे समुद्रावरच्या लुटारूंचं, म्हणजे चाच्यांचं नाटक असतं, आणि गुरुवारी एक घरगुती विनोदी नाटक. राणीबाई सोडल्या तर बाकी नट वन्संकडे अजून येत होते. एवढं सगळं बंद करूनही चार मार्चला, मंगळवारी, पापण्या पुन्हा सुजल्या. वन्संनी आरसा उलटा करून ठेवला.

दहा तारखेला डॉक्टरांनी पॅच टेस्ट लावली. पाठीवर चिकटपट्ट्यांच्या ओळी, प्रत्येकीत बारीक बारीक टिकल्या, टिकलीत एकेक पदार्थ. काही त्यांच्याकडचे ठरावीक, काही आम्ही नेलेल्या डब्यांमधले. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, वाकायचं नाही, खाजवायचं तर मुळीच नाही. वन्संची पाठ म्हणजे बुद्धिबळाचा पट झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्या दाराच्या चौकटीकडे प्रेमाने बघायला लागल्या. मी वर्तमानपत्र घेऊन मागे मागे वारा घालत फिरत होते.

"वहिनी, एकदाच."

"डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

"डॉक्टरांना खाज सुटलेली नाही."

"तीस आकडे मोजा."

"किती वेळा?"

बुधवारी पट्ट्या काढल्या, आणि शुक्रवारी, चौदा मार्चला, डॉक्टरांनी शेवटचं पाहिलं. पाठीवर एकच चौकोन लालभडक उठला होता, बारीक फोडांसकट. आमच्या डब्यांमधला एकही नाही. काजळ निर्दोष, मस्कारा निर्दोष, नऊ आयशॅडो निर्दोष.

"राळ," डॉक्टर म्हणाल्या. "झाडाच्या चिकापासून करतात. चिकटायच्या वस्तूंत असते, पॉलिशमध्ये असते, काही मस्काऱ्यांतही असते. तुमच्यात नाही. तुम्ही चिकट असं काय वापरता?"

"काही नाही. माझं काम रंगाचं."

"खोट्या पापण्यांचा गोंद?"

"माझ्या खुर्चीत खोट्या पापण्या चालत नाहीत. देवाने दिल्यात त्या वापरायच्या."

"मग घरी काही? चिकटपट्टी, सुतारकाम?"

सुतारकाम म्हटल्यावर मी वन्संकडे पाहिलं. त्यांच्या टेबलाला दोन खण आहेत. वरच्यात रंग, ब्रश, काजळ. खालच्यात दाढ्या, मिशा, कात्री आणि त्या चिकटवायची बाटली. खालच्या खणाला त्या सुतारकाम म्हणतात. दाढी लावणं हा रंगवण्याचा भाग आहे असं त्यांनी चौतीस वर्षांत कधी मानलं नाही. ते खाली, हे वर.

"वन्सं," मी विचारलं, "चाच्यांच्या दाढ्या तुम्ही कशाने चिकटवता?"

"गमने."

"त्या गममध्ये काय असतं?"

"गम असतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "स्पिरिट गम? तो राळेचाच असतो. बोटांनी लावता?"

"बोटांनी नाही तर काय पायांनी?"

"आणि मग तेच बोट?"

वन्संनी आपली उजवी अनामिका समोर धरली आणि तिच्याकडे असं पाहिलं, जसं घरातल्याच माणसाने खिसा कापावा. याच बोटाने मिशी दाबायची, तीस मोजायचे, आणि याच बोटाने पुढच्या नटाचा रंग आधी स्वतःच्या पापणीवर लावून बघायचा. ते बंद केल्यावरही डोळा टिपायला पुढे व्हायचं ते हेच बोट. काखेत कळसा होता आणि आम्ही अंडी बंद करून बसलो होतो.

"पण बाई," वन्सं डॉक्टरांना म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत डोळ्यांना काय लावता. दाढी काय डोळ्यांना लावतात?"

डॉक्टर हसल्या, मीही हसले. मग त्यांनी माझी वही घेऊन वाचली. चाच्यांचं नाटक रविवारी, त्यात सहा दाढ्या. पापण्या बिघडायच्या मंगळवारी. विनोदी नाटकात सगळे गुळगुळीत, त्यानंतर काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं की अशी ॲलर्जी लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून चोर सापडत नाही. बोटांची कातडी जाड, तिला काही कळत नाही, पापणीला कळतं.

"पण चौतीस वर्षं काही झालं नाही," वन्सं म्हणाल्या.

"असं होतं. शरीर वर्षानुवर्षं चालवून घेतं आणि एक दिवस म्हणतं, आता पुरे. मग मात्र ते परत माघार घेत नाही. गमला हात लावायचा नाही, कधीच."

येताना वन्संनी वाटेत सहा अंडी घेतली.

मॅनेजरना सांगितलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. मग हसता हसता थांबले. "आत्या, नव्या नाटकात अकरा दाढ्या आहेत."

राजा, सेनापती, प्रधान, सात सैनिक आणि एक भिकारी. मी मोजून पाहिल्या, अकराच.

राळेशिवायचा गम मागवून पाहिला. त्याने तालमीत घाम फुटेपर्यंत साथ दिली आणि सेनापतीची मिशी ऐन युद्धात गळ्यात आली. हातमोजे घालून पाहिले. पातळ हातमोज्यांतून ते स्पिरिट झिरपतं म्हणून डॉक्टरांनी मना केलं, आणि जाड हातमोज्यांतून वन्संना ओठ कुठे संपतो ते कळेना. मॅनेजर म्हणाले, "मग दाढ्यांना त्या दुसऱ्या बाईंना बोलवावं लागेल. आणि त्या एकदा आल्या की डोळेही त्याच करतील. कशाला लांबवायचं?"

वन्संनी बोटांवर अकरा मोजले. मग म्हणाल्या, "या अकरा जणांना दाढी करता येते ना?"

"येते की."

"मग लावताही येईल. उद्या दुपारी सगळ्यांना अर्धा तास आधी बोलवा."

मॅनेजर विचार करून म्हणाले, "बघा. पण तुमचे डोळे सुजतात मंगळवारी, हे तुम्हीच सांगितलंत. रविवारी प्रयोग होऊ दे. मंगळवारी सकाळी मी घरी येऊन बघतो. साफ असले तर खुर्ची तुमची."

त्या तालमी बघायला मी पहिल्या दिवसापासून गेले, आणि आयुष्यात इतकं हसले नाही. मोठ्या आरशासमोर अकरा पुरुष रांगेत, प्रत्येकाच्या हातात स्वतःची मिशी. वन्संनी हात पाठीमागे बांधलेले, कारण सोडले की ते आपोआप मदतीला जायचे. त्या रांगेपुढून शाळामास्तरासारख्या फिरत होत्या.

"उजवी बाजू आधी. तुमची उजवी, आरशातली नाही. प्रधान, ती भुवई नाही, खाली या. दाबा. मोजा. मनात मोजा, ओठ हलले."

"आत्या, किती वेळ?" एका सैनिकाने विचारलं, आणि त्याची मिशी उडाली.

"बोललात ना? आता पुन्हा पहिल्यापासून. तुमच्यामुळे सगळेच पहिल्यापासून."

राजा आमच्या ओळखीतला, वीस वर्षं वन्संच्या खुर्चीत बसलेला. तो म्हणाला, "आत्या, माझी वेणी घालून द्यायला आई होती, मिशी लावून द्यायला तुम्ही होतात. या वयात मला पोरका करता."

"वीस वर्षं माझ्या बोटाखाली बसलात, इतकंही शिकला नाहीत? आणि वेणी कसली, तुम्हाला केस होते कधी?"

भिकाऱ्याचं काम करणारे गृहस्थ सत्तरीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी दाढी नीट लावली आणि बाकीच्यांकडे अशा तोऱ्याने पाहिलं की राजा तेच आहेत असं वाटावं. दुसऱ्या आठवड्यात सैनिकांची आपसांत शर्यत लागली. सेनापतीला मात्र मिशी सरळ लावता येईना. तो कोणालाही न सांगता घरून आरसा घेऊन यायला लागला आणि तालमीआधी कोपऱ्यात एकटा सराव करायचा. हे वन्संनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

एक नियम मात्र सगळ्यांना सक्तीचा होता. मिशी लावली की आधी तेलाने, मग साबणाने हात धुवायचे, त्याशिवाय दाराच्या कडीला, खुर्चीला, ब्रशला हात लावायचा नाही. या कामावर माझी नेमणूक झाली. मी नळाशी स्टुलावर बसून प्रत्येकाचा हात हुंगायची. सैनिक मला जकातदार म्हणायला लागले.

इकडे पापण्या बऱ्या होत होत्या. अठरा मार्चचा मंगळवार थोडा लाल गेला, पंचवीसचा कोरा. चाचेही आता आपापल्या दाढ्या लावत होते. डॉक्टरांनी परवानगी दिली तशी वन्संनी एकेक वस्तू परत आणली. काजळ आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज, आठवडाभर. तिथे काही उठलं नाही, मग एका डोळ्याला. चार दिवस त्या एकाच डोळ्यात काजळ घालून हिंडल्या. भाजीवालीने विचारलं, "दुसरा डोळा नापास झाला का?"

"त्याचा निकाल राखून ठेवलाय," वन्सं म्हणाल्या.

राणीबाईंचं मात्र जमत नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, हे पसरत नाही म्हणून सांगितलं. त्या नम्रपणे म्हणाल्या, "आत्या, मला पटतंय. पण माझं सगळं काम डोळ्यांवर आहे. मी माझी डबी आणते, माझी मीच करीन." वाईट बाई नव्हत्या. घाबरलेल्या होत्या.

वन्संनी एक एप्रिलला त्यांना इतकंच सांगितलं, "तुमच्याच हाताने तुमच्या कोपराच्या आत चार ठिपके लावा. तीन माझ्या डब्यांतले, एक तुमच्या डबीतला. सकाळ-संध्याकाळ, रविवारपर्यंत. मी शिवणारही नाही. पूर्वी मी माझ्या पापणीवर लावून खात्री द्यायची, पण माझी पापणी म्हणजे तुमची पापणी नाही, हे मला आता कळलंय. तुमची खात्री तुमच्याच कातडीने द्यायची."

राणीबाईंनी हो म्हटलं. बहुधा वय बघून म्हटलं असेल.

सहा एप्रिल, रविवार, दुपारी दोन. रंगपटात पाय ठेवायला जागा नव्हती. अकरा जण आरशासमोर ओठ मिटून उभे होते, इतके शांत की कोणी दार उघडून बघितलं असतं तर प्रार्थना चालू आहे असं वाटलं असतं. मी नळाशी. तेवढ्यात राणीबाई आल्या. त्यांनी बाही वर केली आणि हात वन्संपुढे धरला. तीन ठिपक्यांच्या जागा साफ होत्या. चौथ्या जागी लाल चकंदळ उठलं होतं आणि ते खाजवलेलंही होतं.

"चौथा कुठला?" मी विचारलं.

"माझा," राणीबाई म्हणाल्या. "आज तोच डोळ्यांना लावणार होते. भारीतला आहे म्हणून खास आजच्यासाठी ठेवला होता."

वन्संनी त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं, चांगलं खोचक. मी वाटच बघत होते. पण त्यांनी खुर्ची फक्त थोडी मागे ओढली. राणीबाई बसल्या, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. वन्संनी हात धुतले, माझ्यापुढे धरले. मी हुंगले. मग त्यांनी ब्रश उचलला.

प्रयोग चांगला झाला. तिसऱ्या अंकात राजाची मिशी उजवीकडून सुटली, पण तो गडबडला नाही. दरबाराकडे पाठ करून खिडकीतून आपलं राज्य न्याहाळत उभा राहिला, बोट ओठांवर ठेवून, विचारात पडल्यासारखा, आणि वळला तेव्हा मिशी जागेवर होती. लोकांना ते इतकं आवडलं की टाळ्या पडल्या. आता म्हणे प्रत्येक प्रयोगात तो तसाच उभा राहणार आहे.

सोमवार आम्ही दोघींनी कसा काढला ते आम्हालाच माहीत. वन्संनी कपाट आवरलं, मग आवरलेलं काढून परत आवरलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे दिवसभर त्यांच्या कानांशी बोलत होते.

"काय आहे माझ्या कानात?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काही नाही. कुडी छान आहे."

"ती तीस वर्षं तीच आहे, वहिनी."

मंगळवारी सकाळी आठला बेल वाजली. वन्संनी स्वतः दार उघडलं. मॅनेजर म्हणाले, "जरा खिडकीपाशी या आत्या." उजेडात त्यांनी बघितलं. वर बघा म्हणाले, खाली बघा म्हणाले, मिटा म्हणाले. वन्सं शाळकरी मुलीसारखं सगळं करत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि गॅसवर दूध होतं ते विसरले होते.

"साफ आहेत," मॅनेजर म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच परीक्षक होते, पुन्हा म्हणाले, "अगदी साफ आहेत हो." त्यांनी खुर्ची ओढली आणि फेब्रुवारीपासून पहिल्यांदा आमच्याकडे नीट टेकून बसले. त्या दुसऱ्या बाईंना आजच नको म्हणून कळवतो, असंही त्यांनी सांगितलं. दूध उतू गेलं होतं. त्यातूनच उरलेल्याचा मी चहा केला.

चहा पिता पिता ते म्हणाले, "सगळ्यांना राणी आवडली. फक्त मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, शेवटच्या अंकात निळा उजेड पडतो तेव्हा तिचे डोळे जरा हरवतात."

वन्संनी कप खाली ठेवला. "मागची म्हणजे कितवी रांग?"

"अहो, एकच जण म्हणाला. दुपारी बघू."

"एकाला दिसले नाहीत म्हणजे त्या रांगेतल्या कोणालाच दिसले नाहीत. बाकीचे सभ्य होते." त्या उठल्या होत्या, पर्स खांद्याला लागली होती. "निळा उजेड लावणारे आत्ता आहेत का तिथे? नसतील तर त्यांना बोलवा. वहिनी, तुम्हीही चला. मागच्या रांगेत बसा आणि दिसतं ते सांगा, वाटतं ते नको."

मी चपला शोधत होते तोवर त्या अर्धा जिना उतरल्यासुद्धा. मॅनेजर अर्धा चहा टाकून त्यांच्या मागे निघाले.